पोकेमॉन कार्ड खेळायचं कसं? चारिझार्ड बाजूला ठेवा, आधी साठ पानं नीट लावा

सांगलीत पोकेमॉनची कार्डं खिशात घेऊन फिरणारी पोरं पुष्कळ आहेत, पण त्याच कार्डांचा डाव मांडून खेळता येणारं पोरगं शोधावं लागतंय. विश्रामबागेत कुठल्याही अपार्टमेंटखाली संध्याकाळी बघा, दोघं समोरासमोर बसलेले असतात, एकजण म्हणतो माझ्याकडं 330 एचपी (पोकेमॉन किती मार सोसतो तो कार्डावरचा आकडा), दुसरा म्हणतो माझ्याकडं 340, आणि ज्याचा आकडा मोठा तो दोन्ही कार्डं उचलून मोकळा. म्हणजे आपण डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं खेळायचो तोच प्रकार. त्यांना मजा येत असेल तर माझं काही म्हणणं नाही, पण त्या कार्डावर खाली बारीक अक्षरात एवढं सगळं छापून ठेवलंय ते वाया चाललंय राव. भाचा मागं लागला होता "मामा, खरा गेम शिकव की", त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, घरात अशी कार्डं पडून असतील तर त्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना दोघांनाही उपयोग होईल.

मुळात हा ट्रेडिंग कार्ड गेम नावाचा प्रकार 1993 चा. अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड म्हणून गणितातला डॉक्टरेट केलेला माणूस, त्यानं मॅजिक द गॅदरिंग काढला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट ह्या कंपनीनं तो छापला. त्यातली गंमत समजून घ्यायची तर आपला मेंढीकोट आठवा. तिथं कॅट एकच असतो, तीच बावन्न पानं पिसायची, वाटायची, हातात आलं ते नशीब. इथं मात्र दोघंही आपापला कॅट घरून लावून आणतात. कुठली पानं घालायची, किती घालायची, सगळं तुमच्या हातात, समोरच्याच्या कॅटात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. म्हणजे अर्धा डाव घरी जमिनीवर कार्डं पसरून बसता तिथंच खेळून झालेला असतो. पोकेमॉनचा पत्त्यांचा गेम जपानात 1996 ला आला, इंग्रजीत 1999 ला, आणि सुरुवातीला इंग्रजी कार्डं हीच विझार्ड्स कंपनी काढायची. यु-गी-ओ पण त्याच काळातला. तिन्ही खेळांचे नियम वेगवेगळे आहेत पण आपला कॅट आपण लावायचा ही गोष्ट तिन्हीकडं तीच. इथं पोकेमॉनचंच सांगतो कारण आपल्याकडं पोरांच्या हातात तेच आहे.

कॅटाला इथं डेक म्हणतात. डेक बरोब्बर 60 पानांचा, 59 नाही आणि 61 पण नाही. एकाच नावाची जास्तीत जास्त 4 कार्डं, फक्त बेसिक एनर्जी कितीही चालते. कार्डं तीन जातीची, पोकेमॉन, एनर्जी आणि ट्रेनर. पोकेमॉन मारामारी करतो, एनर्जी म्हणजे त्याला लागणारं इंधन, आणि ट्रेनर म्हणजे बाकी सगळं, पान ओढायचं, शोधायचं, समोरच्याला अडचणीत आणायचं, वगैरे.

मांडणी अशी. दोघांनी आपापला डेक पिसून 7 पानं उचलायची. त्यात बेसिक पोकेमॉन असलाच पाहिजे, बेसिक म्हणजे जो थेट टेबलावर उतरवता येतो तो. एक पुढं ठेवायचा, त्याला अ‍ॅक्टिव्ह म्हणतात, मागं बेंचवर अजून 5 पर्यंत बसवता येतात. मग डेकच्या वरची 6 पानं न बघता बाजूला पालथी ठेवायची, ती प्राइज. इथं बहुतेक नवी पोरं गोंधळतात, त्यांना वाटतं आपला पोकेमॉन मेला की समोरचा आपली प्राइज नेणार. तसं नाही. समोरच्याचा पोकेमॉन तुम्ही नॉकआउट केला, म्हणजे त्याच्या एचपीएवढा मार त्याला दिला, की तुम्ही तुमच्याच सहातलं एक पान उचलून हातात घ्यायचं. ज्याची सहाच्या सहा आधी संपली तो जिंकला. जिंकायचे अजून दोन रस्ते आहेत, समोरच्याकडं टेबलावर एकही पोकेमॉन उरला नाही तर, किंवा त्याच्या पाळीला सुरुवातीचं पान ओढायला डेकमध्ये पानच शिल्लक नसलं तर.

पाळी आली की पहिलं एक पान ओढायचं. मग अटॅक करायच्या आधी बाकीचं काम हव्या त्या क्रमानं करा, बेंचवर नवीन बेसिक बसवा, आधीपासून टेबलावर असलेल्याला इव्हॉल्व्ह करा (म्हणजे त्याच्या पुढच्या अवताराचं पान त्याच्यावर ठेवा), ट्रेनर खेळा, पुढचा पोकेमॉन मागं घेऊन दुसरा पुढं आणा (त्याला रिट्रीट म्हणतात, कार्डाच्या खाली जेवढे गोळे छापलेत तेवढ्या एनर्जी टाकून द्याव्या लागतात आणि पाळीत एकदाच चालतं). हातातून एनर्जी मात्र पाळीला एकच लावता येते, हा नियम लक्षात ठेवा, पुढं ह्याच्यावरच सगळं येणार आहे. आणि शेवटी अटॅक. अटॅक केला की पाळी संपली, मग "अरे थांब, एनर्जी लावायची राहिली" चालत नाही. ज्याची पहिली पाळी असते त्याला त्या पाळीत अटॅक करता येत नाही, सपोर्टर (ट्रेनर कार्डांतलाच एक गट, पुढं सांगतो) पण खेळता येत नाही, आणि आपापल्या पहिल्या पाळीत दोघांनाही इव्हॉल्व्ह करता येत नाही. नाहीतर टॉस जिंकला तोच डाव जिंकला असं झालं असतं.

मार मोजायचा तर अटॅकसमोर आकडा असतो. समोरच्याच्या कार्डावर खाली वीकनेस म्हणून तुमच्या पोकेमॉनच्या प्रकाराचं (आग, पाणी, फायटिंग असले प्रकार असतात) चिन्ह असलं तर दुप्पट, रेझिस्टन्स असला तर 30 कमी. लागलेला मार कार्डावरच राहतो, मागं बेंचवर नेला तरी भरून निघत नाही. ह्यासाठी खास काउंटर मिळतात पण कॅरमच्या सोंगट्या ठेवल्या तरी काही बिघडत नाही.

नियम म्हणावेत तर एवढेच. भाच्याला एका दुपारी आले. खेळता येणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यासाठी जरा जुनं उदाहरण घेऊया कारण त्यात सगळं स्वच्छ दिसतं.

1999 च्या पहिल्या सेटमधला चारिझार्ड माहीतच असेल, आजही पोरं ज्याच्यासाठी जीव टाकतात तो. 120 एचपी, फायर स्पिन नावाचा अटॅक, 100 चा मार. त्या काळात 100 म्हणजे समोर जवळजवळ कुणीही असो, एका फटक्यात खलास. पण त्या अटॅकला एनर्जी किती, तर 4. पाळीला एक, म्हणजे चार पाळ्या. त्यात आधी चारमँडर उतरवायचा, मग चारमीलियन, मग चारिझार्ड, ही तिन्ही पानं वेळेवर हातात यायला पाहिजेत. चारमँडरला एचपी 50. आणि एवढं करून एकदा फायर स्पिन मारला की 2 एनर्जी टाकून द्यायच्या, म्हणजे परत मारायला परत दोन पाळ्या एनर्जी लावत बसा.

आता त्याच सेटमधला हिटमनचॅन घ्या. बेसिक, 70 एचपी, एक एनर्जी लावली की 20 चा जॅब. कागदावर बघितलं तर कुणी ढुंकून बघणार नाही. पण तो एनर्जी लावली त्याच पाळीला मारायला लागतो आणि पुढं प्रत्येक पाळीला मारत राहतो. त्या काळात स्पर्धांमध्ये गाजलेला एक डेक होता, हेमेकर म्हणायचे त्याला, त्यात हिटमनचॅन, इलेक्टाबझ आणि पुढं सायथर असे बेसिकच पोकेमॉन आणि उरलेली बरीचशी पानं ट्रेनरची. गंमत बघा, चारिझार्ड पूर्ण उभा राहिला तर हिटमनचॅनचा 20 चा जॅब त्याला लागतसुद्धा नाही, कारण हिटमनचॅन फायटिंग प्रकाराचा आणि फायटिंगला चारिझार्डचा 30 चा रेझिस्टन्स आहे. पण उभा राहायला आधी तो चारमँडर जगायला पाहिजे ना.

तेव्हा कार्ड किती मारतं हा प्रश्न दुसरा, कितव्या पाळीला मारतं हा पहिला. आणि कितव्या पाळीला ते ठरतं तुमच्या हातात योग्य पान कधी येतं ह्याच्यावर. म्हणून चांगल्या डेकमध्ये हल्ली साधारण निम्मी किंवा त्याहून जास्त पानं ट्रेनरची असतात, हे ऐकून पोरांचं तोंड पडतं कारण ट्रेनर कार्डं त्यांना भंगार वाटतात, अदलाबदलीत पहिली तीच देऊन टाकतात. प्रोफेसर्स रिसर्च नावाचं कार्ड, हातातली सगळी पानं टाकून द्या आणि नवीन 7 ओढा. नेस्ट बॉल, डेकमधून एक बेसिक शोधून थेट बेंचवर. अल्ट्रा बॉल, हातातली 2 पानं टाका आणि कुठलाही पोकेमॉन शोधून हातात घ्या. रेअर कँडी, मधली पायरी गाळून बेसिकचा थेट तिसरा अवतार. ह्यातलं एकही कार्ड स्वतः कुणाला मारत नाही.

आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. 60 पानांत एखादं कार्ड तुम्ही एकच ठेवलं, तर पहिल्या 7 पानांत ते येण्याची शक्यता साधारण 12 टक्के. तेच 4 ठेवलीत तर 40 टक्के. शिवाय एकच ठेवलेलं कार्ड 6 प्राइजमध्ये अडकून बसण्याची शक्यता 10 टक्के, म्हणजे दहातल्या एका डावात तुमचा हुकमी पत्ता सुरुवातीलाच पालथा पडलेला असणार आणि तुम्ही डेक शोधत बसणार. म्हणून प्रत्येक भारी कार्ड एकेक घालून केलेला डेक दिसायला दणदणीत आणि खेळायला एकदम पोकळ असतो. बेसिक पोकेमॉनचंही तसंच. डेकमध्ये फक्त 4 बेसिक असतील तर शंभरातल्या 60 वेळा पहिल्या हातात एकही येत नाही, 8 असतील तर 35 वेळा, 12 असतील तर 19 वेळा. बेसिक नाही आला की हात समोरच्याला दाखवायचा, परत पिसायचं, परत 7 ओढायची, आणि प्रत्येक वेळेला समोरच्याला हवं तर एक पान जास्तीचं मिळतं. हे गणित ज्याला कळलं त्याला डेक लावणं निम्मं कळलं. एनर्जीचं उलटं होतंय, नवीन माणूस भीतीपोटी वीस-पंचवीस एनर्जी कोंबतो आणि मग हातात नुसत्या एनर्जीच घेऊन बसतो, लावायची तर पाळीला एकच.

ट्रेनरमध्येही दोन गट नीट ओळखा. आयटम पाळीत कितीही खेळा. सपोर्टर मात्र पाळीत एकच. प्रोफेसर्स रिसर्च सपोर्टर आहे, आणि बॉसेस ऑर्डर्स पण सपोर्टर आहे, ज्यानं समोरच्याच्या बेंचवरचा तुम्हाला हवा तो पोकेमॉन ओढून पुढं आणता येतो. आता असा प्रसंग समजा. तुमची 2 प्राइज राहिलीत, समोरच्याचं एकच. त्याचा पुढचा पोकेमॉन ताजातवाना, एचपी 220, तुमचा अटॅक 100 चा, म्हणजे तो काही ह्या पाळीत पडत नाही आणि पुढच्या पाळीला तो तुम्हाला झोपवणार. पण त्याच्या बेंचवर आधी मार खाऊन पळालेला एक ईएक्स (नावापुढं ex छापलेला दणकट पोकेमॉन) बसलाय, एचपी उरलेत 90, आणि ईएक्स मारला की एक नाही, 2 प्राइज मिळतात. हातात बॉसेस ऑर्डर्स असलं तर तो पुढं ओढा, 100 चा अटॅक, डाव खल्लास. नसलं तर? हातात प्रोफेसर्स रिसर्च आहे, 7 नवीन पानं ओढली, त्यात बॉसेस ऑर्डर्स आलं. आता हात चोळत बसा, कारण ह्या पाळीचा सपोर्टर तुम्ही वापरून बसलात! ह्याच्याही पुढची पायरी म्हणजे तीन पाळ्या आधी हाताला कंटाळून रिसर्च खेळलात तेव्हा टाकून दिलेल्या पानांत ते बॉसेस ऑर्डर्स गेलेलं असतं. मला विचाराल तर ह्या गेमचा सगळा जीव ह्या असल्या जागी आहे, चमकणाऱ्या चित्रात नाही.

प्राइजचा हिशोब पण ह्यातच येतो. ईएक्स दणकट असतो पण मेला की समोरच्याला 2 प्राइज, व्हीमॅक्स किंवा मेगा ईएक्स (ह्या त्याहून दांडग्या जाती) मेला तर 3. म्हणजे तुमचे दोन व्हीमॅक्स पडले की डाव संपला. साधे एक प्राइजवाले सहा पाडावे लागतात. म्हणून समोरच्याचा दोनवाला तुमच्या एकवाल्यानं पाडला, मग बदल्यात तो पडला, तरी तुम्ही फायद्यात. पोरं नेमकं उलटं करतात, सगळे दांडगे पोकेमॉन एका डेकात घालतात आणि तीन नॉकआउटमध्ये घरी.

आता त्या सोनेरी पाकिटांबद्दल. गणपती पेठेत काय, शाळेबाहेरच्या स्टेशनरीत काय, यात्रेतल्या स्टॉलवर काय, 55 सोनेरी कार्डांचा एक डबा मिळतो, प्लॅस्टिकसारखा लागतो, किंमत एका पिझ्झाच्या आत. ती कार्डं नकली असतात, आणि खरं सांगायचं तर पोरानं हौसेनं ठेवली तर ठेवू दे, पण त्यावर खेळता येत नाही, आणि तेही नकली आहेत म्हणून नाही. तो डबा जमिनीवर पालथा घालून बघा. बहुतेक सगळे व्हीमॅक्स नाहीतर असलेच दांडगे निघतात. व्हीमॅक्स हा बेसिक नाही, तो त्याच नावाच्या व्ही कार्डावर ठेवावा लागतो. तो व्ही डब्यात असला तर नशीब, एनर्जी सहसा एकही नसते, ट्रेनर तर विसराच. म्हणजे पहिलं 7 पानं उचलायची पायरीसुद्धा पार होत नाही. म्हणूनच ती पोरं बिचारी एचपीचे आकडे लावत बसतात, दुसरं करणार काय.

खरं कार्ड ओळखायला पाठ बघा, निळा रंग नकलीत फिका नाहीतर जांभळट येतो, अक्षरं जाडीबारीक असतात, शब्दांचं स्पेलिंग चुकलेलं असतं, पोकेमॉन शब्दातल्या ई वरची तिरकी रेघ गायब असते, अटॅकचा आकडा काहीच्या काही असतो. मोबाईलचा टॉर्च मागनं धरला तर नकली कार्डातून उजेड जास्त आरपार येतो. खऱ्या इंग्रजी पाकिटात सहसा 10 कार्डं असतात आणि त्यात काय निघेल हे कुणालाच माहीत नसतं.

आणि ह्या पाकिटांवरनंच गाडी जमवणाऱ्यांकडं वळते. जमवणं हा वेगळा नाद आहे, वाईट नाही, पण खेळण्याशी त्याचा संबंध थोडाच. लोगन पॉल म्हणून यूट्यूबर आहे, त्यानं 2021 मध्ये पिकाचू इलस्ट्रेटर नावाचं एक कार्ड 52 लाख 75 हजार डॉलरला घेतलं. ते कार्ड जपानात चित्रकलेच्या स्पर्धेत जिंकलेल्यांना बक्षीस म्हणून दिलेलं, आणि त्यावर अटॅकच नाही. खेळात त्याचा उपयोग शून्य. उलट डावात रोज लागणारं अल्ट्रा बॉल साध्या छपाईत अगदी किरकोळ भावात मिळतं. कार्डाच्या खाली कोपऱ्यात गोल, चौकट किंवा चांदणी असते, गोल म्हणजे सगळीकडं मिळणारं, चौकट म्हणजे जरा कमी, चांदणी म्हणजे दुर्मिळ. ती खूण कार्ड किती छापलंय हे सांगते, किती कामाचं आहे ते नाही. तिथंच एक छोटं इंग्रजी अक्षर असतं, ते स्पर्धेसाठी, जुनी अक्षरं ठराविक काळानं बाद होतात. घरी खेळताना त्याच्याकडं बघायची गरज नाही.

पैसे घालायचेच तर पाकिटांवर घालू नका. बॅटल अकॅडमी नावाचा बॉक्स येतो, त्यात तीन तयार डेक आणि खेळायचा बोर्ड असतो, दोघं बसले की लगेच सुरू. तेवढेही नको असतील तर पोकेमॉन टीसीजी (म्हणजे ट्रेडिंग कार्ड गेम) लाइव्ह हे अ‍ॅप फुकट आहे, नियम खेळता खेळता शिकवतं आणि रात्री अकराला पण समोर कुणीतरी असतंय. टीसीजी पॉकेट नावाचं दुसरं अ‍ॅप 2024 ला आलं, भाचा तेच खेळायचा, पण तो गेम वेगळा आहे बरं का, 20 पानांचा डेक, एनर्जी आपोआप येते, प्राइज नाहीतच, 3 पॉइंटला डाव संपतो. झटपट आहे, मजेशीर आहे, पण त्यावर शिकून टेबलावर आलात तर एनर्जी कुठाय म्हणून शोधत बसाल. आणि घरच्या घरी तर एक पैसा लागत नाही. पाहिजे त्या कार्डाचं नाव आणि मजकूर कागदावर लिहा, साध्या पत्त्यावर ठेवा, स्लीव्हमध्ये (कार्डाच्या मापाची प्लॅस्टिकची पिशवी) सरकवा, झालं. स्पर्धेत चालणार नाही, सोफ्यावर चालतंय. डेक जमतोय की नाही हे असं वीसेक डाव खेळून बघावं आणि मगच खरी कार्डं घ्यावीत.

खऱ्या कार्डांना स्लीव्ह घालाच, पिसून पिसून कडा पांढऱ्या होतात. चमकणारी कार्डं पावसाळ्यात वाकतात, आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं की घरात पापड पण मऊ पडतात तिथं ही कार्डं काय सरळ राहणार. डब्यात बुटांच्या खोक्यातली ती सिलिका जेलची पुडी टाकायची आणि डबा घट्ट लावून जरा उंचावर ठेवायचा.

लहान पोराला शिकवत असाल तर पहिले काही डाव दोघांनीही हात उघडे ठेवून खेळा, सगळी पानं टेबलावर सरळ. पोरगं स्वतःच म्हणायला लागतं, मामा तू हे नको खेळू, आधी एनर्जी लाव, मग शोध. ते असं म्हणायला लागलं की पानं हातात घ्यायची.